घरातील संगणक

मार्च २०२० मध्ये शाळांची दारे मिटली व पुढे वर्ग मोबाईलवर भरू लागले, तेव्हा एक गोष्ट आम्हांस प्रथमच नीट उमगली. घरात यंत्र असणे निराळे आणि ते मुलाच्या हाती असणे निराळे. बाप रांजणगावी पाळीवर गेला की घरातील एकुलता एक मोबाईल त्याच्याबरोबर जातो. तो परततो तेव्हा धाकटी निजलेली असते. घरीच राहणारा संगणक तर विरळाच. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) ग्रामीण भारतात शेकडा ४.४ कुटुंबांत तो आढळला.

स्वस्त संगणक घडविण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. निकोलस नेग्रोपोंटी यांनी २००५ साली मुलांसाठी शंभर डॉलरांच्या संगणकाचा संकल्प सोडला. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैराट येथे त्याचा प्रयोगही झाला. किंमत मात्र १८० डॉलरांच्या पुढे गेली. नव्या यंत्राचा हट्टच कशाला, असे आम्हांस वाटते. शिरूर तालुक्यात रांजणगावास आणि दौंड तालुक्यात कुरकुंभास औद्योगिक वसाहती आहेत. कचेरीतून संगणक बाद होतो तो पुष्कळदा मोडला म्हणून नव्हे. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि विंडोज ११ कित्येक जुन्या, धडधाकट यंत्रांवर चालत नाही.

अशा यंत्रातील जुनी माहिती आधी समूळ पुसून घ्यावी. मग फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी आणि लिनक्स ही विनामूल्य प्रणाली घालावी. मंद यंत्र चपळ होते. दोन ते दहा वर्षांच्या बालकांसाठी जी-कॉम्प्री हा खेळांचा संच फुकट मिळतो. किविक्सच्या योगे मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की इंटरनेटवाचून वाचता येतो.

पालक विजेची धास्ती घेतात. शंभर वॅटचा संगणक रोज दोन तास चालला तर महिन्यास सहा युनिटे जळतात. तीस वॅटच्या लॅपटॉपला दोनही लागत नाहीत. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब पडताळून पाहावा! लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असल्यास मात्र ते यंत्र तसे कोणाच्या घरी देऊ नये.

खरी अडचण पुढेच आहे. दान मिळालेली वस्तू लोक जपून झाकून ठेवतात, आणि बिघडली की ती कायमची झाकलेलीच राहते. दौंड तालुक्यातील केडगावी पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदनात छापखाना घातला, तेव्हा तेथील स्त्रियांस केवळ छापलेली पुस्तके दिली नाहीत. खिळे जुळविण्याचे कामही त्यांच्याच हाती दिले. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले.

म्हणून संगणक पोहोचविण्याच्या दिवशी आईला व मुलांना जवळ बसवावे, वीजतार काढून यंत्राचे झाकण उघडावे. धूळ कोठे साचते, स्मृतीची पट्टी खाचेत कशी बसते, हे दाखवावे. वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये, हेही सांगावे. मग झाकण त्यांच्याकडूनच लावून घ्यावे आणि पेचकस त्यांच्या घरी ठेवून यावे.