मुशीची हाडे गेली कुठे?

कोकणातल्या बाजारात मिळणारी मोरी तुम्ही पाहिली असेल. ही लहान मुशी, म्हणजेच शार्क. खाताना मधला दांडा तेवढा लागतो. पण तोही हाडाचा नव्हे, कूर्चेचा. आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तीच ही कूर्चा.

गर्भात आपला सांगाडाही बराचसा आधी कूर्चेचाच असतो. हाड मागाहून बनते. यावरून मुशी त्या आदिम अवस्थेतच राहिली, असे अनेक वर्षे शिकवले गेले. तर्क सरळ होता, पण खडकात वेगळाच पुरावा निघाला.

मंगोलियात सापडलेल्या 'मिंजिनिया' या कवचधारी माशाच्या कवटीचे वर्णन मार्टिन ब्राझो व सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केले. वय सुमारे ४१ कोटी वर्षे! मुशी आणि अस्थिमत्स्य यांचे वंश वेगळे होण्यापूर्वीच्या शाखेतला हा मासा. तरी त्याच्या कवटीत आतून जाळीदार हाड होते. म्हणजे मुशीच्या पूर्वजांना हाड असावे आणि पुढे ते नाहीसे झाले असावे. मुशीला वाताशय नसतो, तेव्हा हलका सांगाडा तिच्या सोयीचाच.

सगळाच कठीणपणा मात्र गेलेला नाही. मोरीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवून पाहा. खरखर लागेल. ते बारीक खवले दातांसारखेच दंतिनाचे असतात.