नाचणी-आवळ्याच्या पेयाला पेटंट मिळेल का? अर्जाआधीची तपासणी

समजा, पेठ वडगावात तुमचा घरगुती उद्योग आहे. मोडाची नाचणी, गूळ पावडर आणि आवळा पावडर घालून पौष्टिक पेय बसवलंय. ‘पेटंट घेऊन टाका’ म्हणणारे चौघे भेटतातच. पण पेटंट कायदा, १९७० आधी नवेपणा तपासतो, आणि मग विचारतो: या विषयातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं का? बहुतेक खाद्यपदार्थ अडतात ते इथंच.

साहित्य: वही, ग्रॅमचा काटा, इंटरनेट, प्रयोगशाळेच्या तपासणीपुरते पैसे.

कृती

१. गुप्तता पाळा. अर्ज दाखल होईपर्यंत पाकीट विकू नका, रीलवर कृती सांगू नका. जगजाहीर झालं की नवेपणा गेला.

२. प्रमाण लिहा. ‘मूठभर’ चालत नाही. किती ग्रॅम, किती तास भिजवलं, किती तापमानाला भाजलं, सगळं नोंदवा.

३. जुनं धुंडाळा. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे. पाककृतींची पुस्तकं, आयुर्वेदाचे ग्रंथ, दुकानातल्या डब्यांची लेबलंही वाचा. हळदीने जखम भरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने दाखले पुढे केले आणि १९९७ साली ते रद्द झालं. आपल्याकडे पारंपरिक ज्ञानाला कलम ३(पी) नुसार पेटंट नाहीच.

४. फरक मांडा. सर्वांत जवळचा जुना पदार्थ निवडा. तुमचं त्याहून वेगळं काय, ते एका ओळीत लिहा.

५. जाणकाराच्या जागी बसा. अन्नतंत्रज्ञान शिकलेला, पण फारसा कल्पक नसलेला माणूस धरा. मोड आणल्याने नाचणीतलं, लोह अडवणारं फायटेट घटतं आणि क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं, हे त्याला ठाऊकच असतं. तेव्हा लोहासाठी नाचणीत आवळा घालणं त्याला सहज सुचेल. एवढ्यावर दावा टिकणार नाही.

६. बेरीज तपासा. मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होत असेल तर कलम ३(ई) आड येतं. म्हणून प्रत्येक घटक सुटा आणि मग मिश्रण, अशी एकाच पद्धतीने चाचणी करा. नाचणीचं पेय ग्लासात ठेवलं की साका तळाशी बसतो. तुमच्या ठरावीक प्रमाणात तो बसत नसेल, कुठल्याही एका घटकाने हे साधत नसेल आणि जाणकारालाही ते अनपेक्षित असेल, तर सांगण्यासारखं काही आहे. आकडे एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून घ्या.

७. अर्ज करा. महाराष्ट्रासाठी मुंबईचं पेटंट कार्यालय. आधी तात्पुरतं विवरण देऊन तारीख पकडता येते. पूर्ण विवरण १२ महिन्यांत द्यावं लागतं. मसुदा पेटंट एजंटाकडून तपासून घ्या.

सहाव्या पायरीला काहीच निघालं नाही, तर पेटंटवर पैसे घालवू नका. नावाचा ट्रेडमार्क घ्या, प्रमाण घरातच ठेवा, एफएसएसएआयची नोंदणी करा आणि माल बाजारात आणा.