जुगाराचे व्यसन : ओळख आणि उपचार

अलिबाग तालुक्यातील चौल हे प्राचीन काळी पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. आज येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ नारळ-सुपारीच्या वाड्यांवर, भातशेतीवर व परिसरातील मासेमारीवर चालतो. या व्यवसायांत पैसा पगाराप्रमाणे दरमहा येत नाही. सुपारीचे पैसे हंगामात एकरकमी मिळतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्यावर उभ्या असतात व घरखर्च पुष्कळदा उसनवारीवर भागवावा लागतो. हात कधी भरलेला, कधी रिकामा, अशा घरात एका आकड्यावर वर्षाची तूट भरून काढण्याचा मोह लवकर शिरतो.

या मोहाचा इतिहास मुंबईशी निगडित आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या दरांवर तेथे पैसे लावले जात. ते दर येणे बंद झाल्यावर १९६२ च्या सुमारास कल्याणजी भगत यांनी वरळीत व पुढे रतन खत्री यांनी चिठ्ठ्या व पत्ते काढून ‘ओपन’ व ‘क्लोज’चे आकडे जाहीर करण्यास प्रारंभ केला. हाच मटका. गिरणगावातील कामगारांत तो झपाट्याने पसरला, आणि चाकरमान्यांबरोबर त्याचे वेड गावोगावीही पोहोचले.

मटक्याचे गणित कोणीही करून पाहावे. शून्य ते नऊ या दहाही आकड्यांवर प्रत्येकी दहा रुपये लावले, तर शंभर रुपये जातात. रूढ भावाने लागलेल्या आकड्याचे नव्वद रुपये परत येतात. म्हणजे सर्व आकडे हाती असूनही दहा रुपयांचा तोटा ठरलेलाच! खेळणाऱ्यास हे ठाऊक नसते असे नाही. तरीही तो थांबू शकत नाही, आणि येथेच हा प्रश्न हिशेबाचा न राहता आरोग्याचा होतो.

ऋग्वेदातील अक्षसूक्तात पत्नी दुरावलेला, कर्जबाजारी, तरीही फाशांकडे ओढला जाणारा जुगारी आढळतो. आधुनिक वैद्यकाने या अवस्थेस आजाराचे नाव दिले आहे. अमेरिकेतील मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये तिची नोंद मानसिक विकारांत केली आणि २०१३ मध्ये तिला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात बसविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही तिला व्यसनाधीनतेत स्थान आहे. बक्षीस केव्हा मिळेल हे अनिश्चित असले की मनाची ओढ अधिकच वाढते. आकडा थोडक्यात हुकला तर ती हार न वाटता ‘आता लागणारच’ असा भास होतो.

मौजेसाठी कधीतरी पत्ते खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. लक्षणे निराळी आहेत. पूर्वीइतकाच थरार मिळण्यासाठी अधिकाधिक रक्कम लावावी लागते. खेळ बंद केला की चिडचिड व अस्वस्थता जाणवते. हरलेले पैसे भरून काढण्यासाठी माणूस दुसऱ्याच दिवशी पुन्हा खेळतो. हे लक्षण विशेष गंभीर मानावे. मग खोटे बोलणे येते. घरातील दागिना ‘दुरुस्तीला’ जातो, बागेचे उत्पन्न येण्याआधीच खर्ची पडलेले असते, मुलांच्या शाळेची फी थकते. मोबाइलवर खेळणाऱ्याच्या बाबतीत हे उशिरा ध्यानी येते, कारण तो घरातच बसलेला असतो.

अशा वेळी घरच्यांकडून एक चूक हमखास होते. अब्रूच्या भयाने ते मुकाट्याने कर्ज फेडतात. फेडलेले कर्ज खेळणाऱ्यास नवी उधारी मिळवून देते. त्यापेक्षा पत्नीने शांतपणे, ‘अहो, कोणाचे किती द्यायचे आहे ते सगळे या कागदावर लिहा,’ असे म्हणावे, आणि काही काळ पैशाचे व्यवहार त्यांच्या संमतीने स्वतःकडे घ्यावेत. कोळीवाड्यात मासळीचा पैसा पुष्कळदा कोळणीच्याच हाती असतो. ही रीत येथे उपयोगी पडते.

दुसरा अडसर पोलिसांच्या भीतीचा. १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने जुगाराच्या अड्ड्यावर सापडलेला खेळाडूही शिक्षेस पात्र ठरतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याचा रोख मात्र खेळ चालविणाऱ्यांवर व त्यांची जाहिरात करणाऱ्यांवर आहे; खेळणाऱ्यास त्यात शिक्षा नाही. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे. डॉक्टरांपाशी सत्य सांगण्यास कचरण्याचे कारण नाही.

उपचारांत संभाषणाला मुख्य स्थान आहे. कोणत्या प्रसंगी ओढ लागते, ‘आपला आकडा येणार’ हा समज कोठून येतो, हे समुपदेशक रुग्णाकडूनच उलगडून घेतात. सोबत खिन्नता किंवा दारूचे व्यसन असल्यास त्यावरही औषधोपचार केला जातो. मधेच एखादे वेळी पुन्हा खेळला म्हणून उपचार सोडू नयेत.

‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. कर्जापायी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कोणी करू लागल्यास त्याला एकटे सोडू नये व त्याच घटकेस मदत मागावी. चौलकरांना प्रत्यक्ष तपासणीसाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळचे आहे. पहिल्या भेटीस घरातील एक जाणते माणूस बरोबर असावे, आणि कर्जाची यादी लिहिलेला तो कागदही सोबत न्यावा.