जुना गेम बॉय उघडण्याआधी

तोक्योत नोकरीला होतो तेव्हा आम्ही निशी-कासाईत राहायचो. शनिवारी सकाळी भाजी आणायला बाहेर पडायचो आणि येताना 'हार्ड ऑफ' या जुन्या मालाच्या दुकानात डोकावून यायचो. तिथे एका कोपऱ्यात निळ्या टोपल्या असतात आणि आतल्या वस्तूंवर 'जंक' अशी चिठ्ठी असते. चालू आहे की बंद याची हमी नाही, एकदा घेतलं की परत नाही. अशाच एका टोपलीतून मी पहिला गेम बॉय उचलला, निन्तेन्दोचं हातात धरून खेळायचं यंत्र. १९८९ सालचं मूळ मॉडेल, डीएमजी-०१, राखाडी, पिवळट पडलेला, सेलच्या कप्प्याचं झाकण गायब. तेव्हापासून आजपर्यंत सतरा गेम बॉय माझ्या टेबलावर येऊन गेले. चौदा चालू झाले, तीन माझ्या हातून गेले. आता पुण्यात परत आल्यावर ओळखीतले लोक त्यांचे जुने खेळ घेऊन येतात आणि विचारतात, कुठून सुरुवात करू? त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो आहे.

१. पहिला खर्च स्क्रू-ड्रायव्हरचा करा.

नव्या स्क्रीनची ऑर्डर नंतर द्या. गेम बॉयच्या पाठीवर बहुधा साधे चौफुलीचे स्क्रू नसतात, तीन पात्यांचे असतात. चार वर दिसतात, दोन सेलच्या कप्प्यात लपलेले. खेळ ज्यात असतो त्या कार्ट्रिजचा स्क्रू आणखी वेगळा, त्याला ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. साधा ड्रायव्हर दाबून फिरवला की स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत होतं आणि मग ते ड्रिलनेच काढावं लागतं.

सगळे स्क्रू निघाले की दोन्ही भाग झटक्यात वेगळे करू नका. पुढच्या आणि मागच्या बोर्डाला जोडणारी एक चपटी पट्टी आत असते. पुस्तक उघडावं तसं हळू उघडा आणि पट्टी तिच्या खाचेतून सरळ ओढून काढा. ती फाटली तर पुढचं सगळं अडतं.

२. सेलचा कप्पा आधी बघा.

जंक म्हणून आलेल्या दहांतल्या निदान पाच गेम बॉयमध्ये बिघाड सेलच्या पत्र्यांवरच असतो. कोणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चार पेन्सिल सेल घातले, खेळणं संपलं, डबा कपाटात गेला. सेल पाझरले. पत्र्यांवर निळसर-पांढरा थर येतो तो अल्कलाइन सेलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा प्रताप. तो अल्कली आहे, म्हणून त्याला आम्ल हवं. इअरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून थरावर फिरवा, बारीक फेस येतो, थर सुटतो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. पत्रा खालून खाऊन गेला असेल तर नवे पत्रे मिळतात आणि ते स्वस्त असतात. पाझर कप्प्याबाहेर बोर्डापर्यंत गेला आहे का, हे मात्र भिंगातून बघा.

३. दोष नव्या भागाला देण्याआधी पॉवर स्विच साफ करा.

हा धडा शिकायला मला दोन महिने आणि दोन स्क्रीन लागल्या. मूळ गेम बॉयच्या स्क्रीनला मागे दिवा नाही, ती बाहेरच्या उजेडावर दिसते. हल्ली तिच्या जागी मागे दिवा असलेल्या आयपीएस स्क्रीनचा तयार संच बसवता येतो. तो मी पहिल्यांदा बसवला, चित्र लख्ख आलं, बायकोला हाक मारून दाखवलं. उजेड एक पायरी वाढवला आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा वाढवला, पुन्हा तेच. मला वाटलं स्क्रीन खराब. दुसरी मागवली, तिचंही तेच.

शेवटी मल्टिमीटर घेतला. सेलच्या पत्र्यांवर ४.९ व्होल्ट होते. स्विचच्या पलीकडे ४.३. म्हणजे अर्ध्या व्होल्टहून जास्त त्या बोटाएवढ्या स्विचमध्येच जात होतं. जुनी स्क्रीन फार थोडी वीज घ्यायची, त्यामुळे स्विचच्या आतली काजळी कोणाला जाणवली नव्हती. नव्या स्क्रीनचा दिवा जास्त ओढतो, व्होल्टेज खाली येतं आणि यंत्र रिसेट होतं.

आधी स्विचच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून तो तीस-चाळीस वेळा पुढे-मागे करा. बऱ्याच वेळा एवढ्याने भागतं. माझं भागलं नाही. तो डाख वितळवून बोर्डावरून काढला, पत्र्याचे कान उघडले. आत इवल्याशा तांब्याच्या पट्ट्या होत्या, तव्याच्या पाठीसारख्या काळ्या. त्या पुसल्या, खोडरबराने हलक्या हाताने घासल्या, परत बसवल्या. स्विचच्या दोन बाजूंतला फरक ०.०५ व्होल्टवर आला. दोन्ही स्क्रीन चांगल्या होत्या. तेव्हापासून कोणतीही सुधारणा करण्याआधी मी स्विच साफ करतो आणि आकडे वहीत लिहून ठेवतो.

४. उभ्या रेघा म्हणजे मेलेली स्क्रीन नव्हे.

गेम बॉय चालू केला आणि चित्रात वरून खालपर्यंत काही ओळी कोऱ्या दिसल्या की लोक तो टाकून देतात किंवा लगेच नवी स्क्रीन घेतात. काच बहुधा धड असते. काचेच्या खालच्या कडेला जी लवचिक पट्टी चिकटवलेली असते तिचा सांधा वर्षांनुवर्षांत सैल होतो आणि तेवढ्या ओळींना संकेत पोहोचत नाही. त्या कडेवरून सोल्डरिंग आयर्न बेताच्या उष्णतेवर, न दाबता, न थांबता फिरवायचा. यंत्र चालूच ठेवायचं, कारण डोळ्यांसमोर निकाल दिसतो.

पहिल्यांदा केलं तो क्षण मला नीट आठवतो. अकरा ओळी गेल्या होत्या. आयर्न डावीकडून सरकवत गेलो आणि एकेक ओळ भरत गेली, आधी फिकट, मग ठसठशीत. दहा परत आल्या. अकरावीसाठी मी त्याच जागी आयर्न जरा जास्त वेळ टेकवला आणि शेजारच्या तीन ओळी कायमच्या गेल्या. माझ्या हातून गेलेल्या तीन यंत्रांपैकी एकाची ही स्क्रीन. दहा आल्या तिथेच थांबायला हवं होतं. आडव्या रेघा असतील तर सांधा बाजूच्या कडेचा असतो आणि तिथे हा उपाय फार कमी वेळा लागू पडतो. मी आता तिथे हात घालत नाही.

५. नवी स्क्रीन जरूर लावा, जुनी जपून ठेवा.

माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिने मूळ गेम बॉय हातात घेऊन विचारलं होतं, "बाबा, याला लाइट का नाही?" प्रश्न रास्त होता. उत्तर योकोई गुनपेई यांच्या विचारात आहे. हे गृहस्थ १९६५ मध्ये निन्तेन्दोत लागले ते हानाफुदा पत्ते छापणाऱ्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायला. पुढे त्यांच्याच विभागाने गेम बॉय घडवला. मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा वेगळ्याच कामासाठी उपयोग करावा, असं ते म्हणत. त्याच काळातल्या अटारी लिंक्स आणि सेगा गेम गियर या तशाच यंत्रांना रंगीत, उजेडाच्या स्क्रीन होत्या. त्या सहा सेल काही तासांत संपवायच्या. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. दिवा असलेला गेम बॉय लाइट १९९८ मध्ये निघाला, तोही फक्त जपानात.

चाळिशीनंतरच्या डोळ्यांना आयपीएस स्क्रीन सुखाची आहे हे मी मान्य करतो. संच घेताना एवढंच बघा की १६० बाय १४४ ठिपक्यांचं मूळ चित्र पूर्ण पटीत मोठं होतं आहे. दुप्पट, तिप्पट, चौपट चालेल. अधलीमधली पट असेल तर काही ठिपके जाड, काही बारीक दिसतात आणि अक्षरं वेडीवाकडी होतात. सेल लवकर संपतात हेही धरून चाला. माझ्याकडे सात-आठ तास जातात.

पण जुनी स्क्रीन कचऱ्यात टाकू नका. ती संथ आहे, हलत्या चित्राची सावली मागे राहते. काही खेळ बनवणाऱ्यांनी ह्या दोषाचाच उपयोग केला होता. एखादी आकृती एका फ्रेमला दाखवायची, पुढच्या फ्रेमला लपवायची. संथ स्क्रीनवर दोन्ही मिसळून ती आरपार दिसायची. नव्या वेगवान स्क्रीनवर तीच आकृती नुसती लुकलुकते. त्या कलावंतांनी जे पाहिलं ते पाहायचं असेल तर जुनीच काच लागते. माझ्याकडे एक गेम बॉय मी पूर्ण मूळ स्थितीत ठेवला आहे, सकाळच्या उन्हात गॅलरीत बसून खेळण्यासाठी.

६. बटणांखालचं जुनं रबर शक्यतो बदलू नका. कोमट पाण्याने, साबणाच्या थेंबाने धुवा. नवी रबरं कडक असतात आणि अंगठा दुखतो.

७. पिवळेपणा घालवण्याचा हट्ट सोडा.

हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की राखाडी रंग परत येतो, हे खरं आहे. पुण्याच्या एप्रिलच्या उन्हात तर चार तासांत येतो. पण लेप कुठे जाड, कुठे पातळ लागला की संगमरवरासारखे पट्टे उठतात आणि ते परत जात नाहीत. माझ्या एका खोक्यावर ते आजही आहेत. शिवाय काही वर्षांनी पिवळेपणा परत चढतो. कवच बदलायचं असेल तर नवं घ्या, मूळ कवच त्याच्या स्क्रूंसकट पिशवीत घालून ठेवा. माझा नियम इतकाच आहे की मूळ प्लॅस्टिकला करवत लावायची नाही. जे कापलं ते परत येत नाही, आणि न कापता बसणारे संच आता मिळतात.

८. लिथियमची बॅटरी आणि यूएसबी चार्जिंग मी बसवत नाही.

बसवता येतं. अनेकजण चांगलं बसवतात. पण चौतीस-पस्तीस वर्षांच्या बंद डब्यात, मुलांच्या हाती देण्याच्या वस्तूत, संरक्षक सर्किटची खात्री नसलेली लिथियम बॅटरी ठेवायला माझं मन धजत नाही. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल पुरतात. बिघडले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. आणि त्या चार सेलचं शंभर ग्रॅमच्या आसपासचं वजन हातात हवं असतं, ते गेलं की गेम बॉय पोकळ लागतो.

९. कार्ट्रिजचा सेल काढण्याआधी आतला खेळ उतरवून घ्या.

हे सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण बाकी चुका पैशांनी भरून निघतात.

बऱ्याच कार्ट्रिजमध्ये एक नाण्यासारखा लिथियम सेल सोल्डर केलेला असतो. खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवणारी मेमरी त्याच्यावर जगते. सेल संपला की ती पुसली जाते. १९९६ च्या पहिल्या पॉकेट मॉन्स्टर (पोकेमॉन) खेळात घड्याळ नाही, म्हणून त्याचे सेल दीर्घकाळ टिकतात. त्याच्याच पुढच्या, १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये घड्याळ चालू असतं, त्यांचे लवकर मरतात.

मी जंकच्या टोपलीतून एक लाल पॉकेट मॉन्स्टर आणलं होतं. सेलचं व्होल्टेज कमी दिसलं, म्हणून न बघताच तो काढून नवा लावला. नंतर मागच्या स्टिकरवर लक्ष गेलं. मार्करने, कच्च्या अक्षरात, एका मुलाचं नाव लिहिलेलं होतं. त्याचा खेळ आत होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही.

काही महिन्यांनी हिरवं कार्ट्रिज मिळालं. या वेळी आधी चालू करून पाहिलं. काताकाना या जपानी लिपीतल्या चार अक्षरांचं नाव, आठही बॅजेस, १५१ पैकी १४६ प्राणी नोंदवलेले, खेळलेला वेळ १३७ तास. मी बराच वेळ त्या पडद्याकडे बघत बसलो. कुठल्यातरी मुलाच्या एका सबंध उन्हाळ्याचा हिशेब होता तो. कार्ट्रिज वाचणारं छोटं यूएसबी यंत्र मिळतं, त्याने ती मेमरी संगणकावर उतरवली, दोनदा पडताळली. मग जुना सेल काढून नवा लावला, तोही आधीच पत्र्याचे पाय जोडलेला. सेलवर थेट आयर्न टेकवू नका, तो तापून फुटू शकतो. शेवटी उतरवलेला खेळ परत आत भरला. आज ते कार्ट्रिज माझ्या कपाटात आहे, १३७ तासांसकट. त्यात मी एक मिनिटही खेळलेलो नाही.

तुमच्या घरी, गावच्या माळ्यावर किंवा भावाच्या कपाटात असा एखादा डबा असेल तर स्क्रीन, आवाज, कवच सगळं सवडीने बघा. आज फक्त तो खाली काढा, मागचं झाकण उघडा आणि आतले सेल बाहेर काढून ठेवा.