पेटी, गणित आणि पंडित तुळशीदास बोरकर

पेटी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हॉस्टेलच्या गणपतीची आरती, नाहीतर गायकाच्या बाजूला बसलेला एक शांत माणूस. गायकाला टाळ्या, तबलजीला टाळ्या, आणि पेटीवाल्याचं नाव निवेदक शेवटी घाईघाईत घेतो. युरोपात मात्र पियानोवादक एकटा स्टेजवर येतो, दोन तास वाजवतो आणि अख्खं सभागृह त्याच्यासाठी भरतं. आपल्याकडे पट्ट्यांचं वाद्य वाजवणाऱ्याला असं मधोमध बसायला मिळालं का? मिळालं, पण त्यासाठी फार झगडावं लागलं. तो झगडा कळायला थोडं फिजिक्स लागतं, आणि ते आपण फर्स्ट इयरलाच शिकलोय.

पेटीच्या आत काय असतं?

पेटी उघडली की पितळेच्या पातळ रीड दिसतात. एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. म्हणजे चक्क कॅन्टिलिव्हर बीम! लांबी निम्मी केली तर फ्रिक्वेन्सी चौपट. कारागीर सूर चढवायचा असेल तर रीडचं मोकळं टोक घासतो, कारण तिथलं वजन कमी होतं. उतरवायचा असेल तर मुळाजवळ घासतो, तिथला ताठपणा कमी होतो. पुस्तक न वाचता त्याला हे ठाऊक असतं.

पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते. जोरात मारलं की मोठा आवाज, आणि मग तो विरत जातो. पेटीत पट्टी कितीही जोरात दाबा, काही फरक नाही. आवाज भात्याच्या हवेवर ठरतो आणि हवा आहे तोवर सूर टिकतो. शिवाय डावा हात भात्यात अडकलेला. पियानोवाल्याची दहा बोटं, आपल्याकडे बहुतेक काम उजव्या हाताच्या पाचांवर.

चौदा सेंटची भानगड

पियानो असो वा पेटी, एका सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. दर पट्टीला फ्रिक्वेन्सी १.०५९५ पटीने वाढते, बारा वेळा गुणलं की दुप्पट. साधी जॉमेट्रिक प्रोग्रेशन. फायदा उघड आहे. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी पाचमध्ये, तरी पेटी एकच चालते.

तोटा कानाला कळतो. समजा सा २४० हर्ट्झचा आहे. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार एकाच सप्तकात आणून पाहिला तर बरोबर ५/४ पट, म्हणजे ३०० हर्ट्झ. पेटीचा गंधार येतो ३०२.४. पंचम ३६० ऐवजी ३५९.६, तो खपून जातो. गंधार मात्र शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ १४ टक्के चढा, संगीताच्या भाषेत १४ सेंट. त्यात मींड नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, पेटीला उडीच मारावी लागते.

थोडक्यात काय, टीकाकारांचं म्हणणं मोजमापात अजिबात चूक नव्हतं.

रेडिओची बंदी

१ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. रवींद्रनाथ टागोरांसारख्यांचाही तिला पाठिंबा होता. ती सैल व्हायला सुरुवात झाली १९७१ मध्ये, तीही आधी साथीपुरती. तीस वर्षं! गंमत म्हणजे बाहेर मैफिली आणि संगीत नाटकं याच वाद्यावर चालली होती. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांनी तर त्याआधीच पेटीच्या एकलवादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली होती.

आता पंडित बोरकरांचं आयुष्य या तारखांवर ठेवून पाहा. जन्म १८ नोव्हेंबर १९३४, गोव्यातल्या बोरी गावचा. पहिले धडे आईकडून. बंदी आली तेव्हा वय पाच, सैल होऊ लागली तेव्हा छत्तीस. शिकण्याची आणि नाव कमावण्याची सगळी वर्षं बंदीत गेली. एखाद्या तरुणाने तेव्हा सरळ दुसरं वाद्य धरलं असतं तर त्याला कोण हसलं असतं? त्यांनी पेटीच धरून ठेवली. छोटा गंधर्वांची साथ केली आणि पी. मधुकर, म्हणजे एकलवादनासाठी गाजलेले मधुकर पेडणेकर, यांच्याकडे तालीम घेतली.

मग मींड कशी येते?

खरं तर येत नाही, तिचा भास होतो. पहिली पट्टी पूर्ण सोडायच्या आत दुसरी दाबायची, म्हणजे दोन सूर क्षणभर एकमेकांत मिसळतात. त्याच वेळी भात्याची हवा किंचित आवरायची, म्हणजे जोड उघडा पडत नाही. मधल्या सुराला नुसता कण लावून जायचं, तिथे थांबायचं नाही. चढ्या गंधारावर रेंगाळायचं नाही. दरबारीसारख्या आंदोलनाच्या रागांत तर फारच जपून. कुठे जायचं नाही हे कळणं, हीसुद्धा तयारीच.

मी स्वतः थोडीफार पेटी वाजवतो. भाता आणि बोटं यांचा असा मेळ दोन सुरांपुरता बसवतानाही घाम फुटतो. हे मैफलभर, ख्यालातही आणि नाट्यपदातही करणं म्हणजे काय, याचा अंदाज तिथे येतो.

बोरकरांना २००५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये पद्मश्री. ज्या सरकारच्या रेडिओने या वाद्याला दार बंद ठेवलं होतं, त्याच सरकारने केलेला हा सन्मान. २९ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले. सुधीर नायक यांच्यासारखे शिष्य त्यांची विद्या पुढे नेत आहेत. दुसरीकडे डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवून वाद्यच सुधारायची वाट धरली. आपल्याला इंजिनिअर म्हणून ती वाट जवळची वाटते, आणि ती योग्यच आहे. पण बोरकरांनी मिळालेल्या यंत्रातून काय काढलं, हेही शिकण्यासारखं आहे. रेडिओने वाद्याची चूक मोजली. वाजवणारा ती कशी सांभाळतो, ते मोजलं नाही.

आपण माटुंगेकर तसे नशीबवान. किंग्ज सर्कलला षण्मुखानंद, पश्चिमेला यशवंत नाट्यमंदिर. सबमिशन संपल्यावर एखाद्या कार्यक्रमाला जाऊन गायकाऐवजी पेटीवाल्याचा डावा हात बघत बसा. त्याआधी घरी एक प्रयोग करा. मोबाइलवर तंबोरा लावा, पेटीचा शुद्ध गंधार दाबून धरा आणि सुरांतली थरथर ऐका. मग बोरकरांचं एखादं एकलवादन लावा आणि तीच थरथर शोधून दाखवा. सापडली तर कट्ट्यावर चहा माझ्याकडून!