विषाणू, पांढऱ्या पेशी आणि रक्ताची गुठळी

चि. मृण्मयी हिस,


रक्त गोठणे ही शरीराच्या संरक्षणाची एक तऱ्हा आहे, आणि तिचे काम जखमेपुरते नसते. बारीक रक्तवाहिनीत जंतू शिरला की त्याच्याभोवती गुठळी धरते, तो तिथेच अडकतो आणि पांढऱ्या पेशींना त्याला गाठायला अवधी मिळतो. हॉर्सशू क्रॅब या पुरातन सागरी प्राण्यात तर ही दोन्ही कामे एकच पेशी करते: जीवाणूचे विष ओळखायचे आणि जागच्या जागी रक्त गोठवायचे. जीवाणूंमुळे या प्राण्याचे रक्त गोठते हे फ्रेडरिक बँग यांनी १९५६ मध्ये नोंदवले. लसी आणि इंजेक्शने जंतुविषापासून मुक्त आहेत का हे पाहण्याची चाचणी त्यातूनच पुढे निघाली. सस्तन प्राण्यांत ही कामे वाटली गेली. गोठवण्याचे काम प्लेटलेटकडे आणि रक्तद्रवातल्या प्रथिनांकडे गेले, जंतू मारण्याचे पांढऱ्या पेशींकडे. चुली वेगळ्या झाल्या तरी येणे-जाणे राहिले. म्युनिकचे बर्न्ड एंगेलमान आणि स्टेफेन मासबर्ग यांनी २०१३ मध्ये या संबंधाची सविस्तर मांडणी केली आणि 'इम्युनोथ्रॉम्बोसिस' हा शब्द तेव्हापासून रुळला.

विषाणूसंसर्गातल्या गुठळ्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने म्हणूनच पहिला प्रश्न जागेचा आणि वेळेचा विचारावा: हे संरक्षण कोणत्या रक्तवाहिनीत आणि आजाराच्या कितव्या दिवशी हाताबाहेर गेले? या क्षेत्रातले निम्मे वाद हा प्रश्न न विचारल्यामुळे झालेले आहेत.

जुनी चौकट रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने ओळखली जाते. रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचाच कल गोठण्याकडे झुकणे, ही तिची तीन अंगे. ती आजही टाकाऊ झालेली नाही. मात्र गुठळीत सापडणाऱ्या पांढऱ्या पेशींना दीर्घकाळ फारसे महत्त्व मिळाले नाही. वाहत्या रक्तात होत्या, अडकल्या, एवढेच मानले गेले. आज चित्र उलटे आहे. मोनोसाइट पेशी संसर्गाची चाहूल लागताच आपल्या पृष्ठभागावर टिश्यू फॅक्टर हे प्रथिन आणतात, आणि रक्त गोठण्याची साखळी तिथून सुरू होते. एरवी हे प्रथिन रक्तवाहिनीच्या बाहेरच्या ऊतींत असते, रक्ताचा आणि त्याचा संबंध जखम झाल्यावरच येतो. मोनोसाइट ते आत घेऊन येतात, म्हणजे जखम नसताना जखमेचा हुकूम सुटतो.

दुसरी पेशी न्यूट्रोफिल. प्रौढ माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५० ते ७० टक्के याच असतात, पण आयुष्य थोडके. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत आर्तुरो झिचलिन्स्की आणि फोल्कर ब्रिंकमान यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की न्यूट्रोफिल जंतूंना नुसते गिळत नाही. प्रसंगी आपल्या केंद्रकातला डीएनए उलगडून बाहेर फेकते. त्या धाग्यांवर हिस्टोन आणि इलास्टेजसारखी जंतुनाशक प्रथिने चिकटलेली असतात, आणि जीवाणू त्या जाळ्यात अडकून मरतात. या जाळ्यांना 'नेट' म्हणतात. पुढे २०१० मध्ये बोस्टनच्या डेनिसा वॅगनर यांच्या गटाने या जाळ्यांवरून रक्त वाहू दिले, तेव्हा प्लेटलेट त्यांना चिकटल्या, तांबड्या पेशी अडकल्या आणि गुठळी उभी राहिली. ती फायब्रिनच्या धाग्यांवाचूनही टिकते, डीएनए कापणारे एन्झाइम मात्र तिचा आधार काढून घेते, हे त्यात दिसले. हिस्टोन प्लेटलेटना चेतवतात आणि रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करतात. त्याच सुमारास इलास्टेजबद्दल आणखी एक गोष्ट पुढे आली: टिश्यू फॅक्टरला आवर घालणारे जे नैसर्गिक प्रथिन रक्तात असते, तेच इलास्टेज कापून टाकते. म्हणजे मोनोसाइट गाडी सुरू करते आणि न्यूट्रोफिल तिचा ब्रेक काढते.

विषाणू यात कसा येतो? बहुतेक वेळा थेट नव्हे. पेशींमधले संवेदक विषाणूचा आरएनए ओळखतात, इंटरफेरॉन सुटतो, दाहाचे इतर संदेश जातात, आणि रक्तवाहिनीचे अस्तर आपला गुळगुळीतपणा सोडून चिकट होते. त्या अस्तराकडे नव्या संशोधकांचे सहसा दुर्लक्ष होते, कारण रक्त नळीत काढता येते, अस्तर काढता येत नाही.

कोविडने हा विषय प्रयोगशाळेतून वॉर्डात आणला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली आलेल्या एका शवविच्छेदन अभ्यासात कोविडने दगावलेल्या ७ जणांची फुप्फुसे इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या ७ जणांच्या फुप्फुसांशी ताडून पाहिली गेली. कोविडच्या फुप्फुसांत वायुकोशांच्या केशवाहिन्यांमधल्या सूक्ष्म गुठळ्या नऊपट आढळल्या. पायाच्या शिरेत तयार होऊन फुप्फुसात जाऊन बसणाऱ्या मोठ्या गुठळ्यांहून या वेगळ्या. त्या जागच्या जागीच झालेल्या. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्राझीलमधल्या गटांनी कोविड रुग्णांच्या रक्तात आणि फुप्फुसांत नेटच्या खुणा दाखवल्या. डी-डायमर, म्हणजे फायब्रिन विरघळताना सुटणारा तुकडा, घरोघरी ठाऊक झाला. लोक रिपोर्टवरचा आकडा वाचून एकमेकांना फोन करत. पण डी-डायमर वाढला याचा अर्थ शरीरात कुठेतरी फायब्रिन तयार होऊन विरघळते आहे, एवढाच. कुठे आणि का, हे त्यातून कळत नाही.

मग उपाय सोपा वाटला: गुठळ्या होत आहेत, तर रक्त पातळ करणारे हेपारिन भरपूर द्यावे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एकाच वेळी दोन निष्कर्ष छापून आले. रुग्णालयात दाखल, पण अतिदक्षतेची गरज न पडलेल्या २,२१९ रुग्णांत उपचाराच्या पूर्ण मात्रेतल्या हेपारिनने फायदा दिसला; अवयवांना यंत्राचा आधार न लागता जाणारे दिवस वाढले. अतिगंभीर अवस्थेतल्या १,०९८ रुग्णांत तेच औषध त्याच मात्रेत देऊन फायदा झाला नाही. आजार एक, औषध एक, फरक वेळेचा. गुठळीची साखळी सुरू होत असताना तोडली तर तुटते. फुप्फुसाचे अस्तर उद्ध्वस्त झाल्यावर हेपारिनला करण्यासारखे फार उरत नसावे. हा अर्थ लावलेला आहे, सिद्ध झालेला नाही. पण संशोधकाने या दोन निबंधांची पाने शेजारी ठेवून वाचावीत. या विषयावरच्या कित्येक जाडजूड परीक्षणलेखांपेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळते.

कोविडपुरते हे मर्यादित नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसले की इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येऊन दाखल होण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट होते. साधा फ्लू म्हणून सोडून देण्याची सवय असलेल्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

डेंग्यूत मात्र उलटे घडताना दिसते. प्लेटलेट घटतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रुग्णाला रक्तस्रावाची भीती असते, गुठळीची नव्हे. पण पेशी त्याच आहेत. डेंग्यूचा विषाणू प्लेटलेटना चेतवतो, त्यांच्यातून सुटणारे बारीक कण न्यूट्रोफिलना नेट टाकायला लावतात, असे तैवानच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात नातेवाईक प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवतात. सिंगापूर आणि मलेशियात झालेल्या, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या चाचणीत, रक्तस्राव नसलेल्या प्रौढ रुग्णांना केवळ आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेट दिल्याने रक्तस्राव टळला नाही. नुसता आकडा मोजून या पेशी काय करत आहेत हे कळत नाही, हेच इथेही खरे.

आणि आकडा घसरतानाच गुठळ्याही होतात, असाही एक आजार आहे. अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस (भारतात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड) घेतलेल्या अत्यंत थोड्या लोकांत २०२१ मध्ये तो दिसला. ग्राइफ्सवाल्डचे अँड्रियास ग्राइनाखर आणि इतरांनी त्याचे कारण शोधले: प्लेटलेटमधल्या पीएफ४ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि तीच प्लेटलेटना आणि न्यूट्रोफिलना चेतवतात. प्लेटलेट गुठळीत खर्ची पडतात, म्हणून रक्तात कमी भरतात. पुढे २०२३ मध्ये लस न घेतलेल्या, नुसत्या अ‍ॅडिनोव्हायरसच्या संसर्गानंतरही तसाच आजार झालेले रुग्ण सापडले. ही गोष्ट पुढे आली तेव्हा लसीची चर्चा थंडावली होती, त्यामुळे तिला मिळायला हवे होते तेवढे लक्ष मिळाले नाही.

आता हातातल्या कामाकडे. न्यूट्रोफिल गोठवून ठेवता येत नाहीत. रक्त काढल्यापासून काही तासांत प्रयोग मार्गी लागला नाही तर तो दिवस गेला. त्यांना डिवचणे फार सोपे असते. बारीक सुईने जोर लावून ओढलेले रक्त, दंडाला फार वेळ बांधून ठेवलेला पट्टा, नळी जोराने हलवणे, व्होर्टेक्सवर धरणे, पाण्यात उरलेले जीवाणूंचे विष, यातल्या कशानेही पेशी जाळे टाकतात, आणि त्याचे श्रेय नंतर विषाणूला दिले जाते. नेटचे मोजमाप रक्तद्रवात करायचे असेल तर निळ्या झाकणाची सायट्रेटची नळी खुणेपर्यंत भरावी. रक्ताचे नऊ भाग आणि सायट्रेटचा एक, हे प्रमाण अर्धवट भरलेल्या नळीत मोडते. लाल झाकणाच्या नळीतले सीरम या कामाला घेऊ नये, कारण त्यात रक्त आधीच गोठून गेलेले असते आणि त्या गोठण्यातच पेशी चेतवल्या गेलेल्या असतात. नळीतली घटना रुग्णाची म्हणून छापली जाण्याचा धोका इथे सर्वांत मोठा.

नेट आहे असे म्हणायला एक खूण पुरत नाही. रक्तात मोकळा डीएनए कोणत्याही मेलेल्या पेशीचा असू शकतो. मायलोपेरॉक्सिडेज आणि डीएनए एकत्र जोडलेले मोजणारी चाचणी सगळीकडे वापरली जाते, पण तिच्या नेमकेपणाबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत. सिट्रुलिनयुक्त हिस्टोन हा पुरावा जवळचा, तरी प्रत्येक नेटमध्ये तो असतोच असे नाही. रक्तद्रवातल्या दोन-तीन खुणा, शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिलेले धागे, एवढे हातात असेल तर बोलावे.

उंदरांबाबत एक गोष्ट. उंदराच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिलचे प्रमाण १० ते २५ टक्केच असते, आणि मोठी शीर दोऱ्याने अरुंद करून घडवलेली गुठळी म्हणजे विषाणूच्या तापात फणफणलेल्या माणसाची गुठळी नव्हे. उंदरावरचा निष्कर्ष माणसाच्या नमुन्यावर ताडून पाहावाच लागतो. त्याची सोय महाराष्ट्रात आहे: विषाणूंसाठी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, रक्ताच्या आजारांसाठी परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. प्रकल्प लिहितानाच वॉर्डातल्या डॉक्टरांशी बसून नमुने आजाराच्या कोणत्या दिवशी घ्यायचे हे ठरवावे, आणि नैतिक समितीकडे अर्ज करताना तापाचा पहिला दिवस प्रत्येक रुग्णाच्या नोंदीत राहील अशी तजवीज करावी. रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखेवरून तो दिवस मागाहून काढता येत नाही.

तुझी,
मावशी