स्वयंपाकघरातील जुन्या कपाटात नवी उपकरणे : आधी माप, मग सौदा

सुतारकाम करणारे, फर्निचर बनविणारे आणि घरगुती उपकरणे विकणारे आपले बांधव यांच्याकडे हल्ली एक काम वारंवार येते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी केलेल्या स्वयंपाकघरातील शेगडी, ओव्हन किंवा फ्रीज निकामी होतो. ते मॉडेल बंद झालेले असते आणि नवे उपकरण जुन्या जागेत बसत नाही. सगळे फर्निचर मोडण्याची गिऱ्हाइकाची तयारी नसते. असे काम साधले तर नाव होते. बिघडले तर ओट्याचा दगड फुटतो आणि चार दिवसांची मजुरी भरपाईत जाते.

अडचणीचे मूळ मापात आहे. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी सुतारकाम अजून फूट, इंच आणि सुतातच चालते. उपकरणे मात्र मिलिमीटरमध्ये बनतात. दोन फूट म्हणजे ६१० मि.मी.; कंपनीचे माप ६०० असते. हा १० मि.मी.चा, म्हणजे सुमारे तीन सुतांचा फरक आहे.

ओव्हनचे उदाहरण घ्या. कपाटात बसणाऱ्या ६० सें.मी.च्या ओव्हनला आतून साधारण ५६० ते ५६८ मि.मी. रुंदी आणि किमान ५५० मि.मी. खोली लागते. बाहेरून दोन फुटांचे कपाट १९ मि.मी. प्लायचे असेल तर आत ५७२ मि.मी. उरतात. दोन्ही बाजूंनी एकेक सुताची पट्टी मारली की जागा ५६६ वर येते आणि काम भागते. उंचीची गोष्ट वेगळी. जुना खण १८ इंचांचा, म्हणजे ४५७ मि.मी. असतो आणि नव्या ओव्हनला ५९० ते ६०० लागतात. तेव्हा मधली फळी काढता येते की तिच्यावर कपाटाचा भार आहे, हे आधी पाहावे.

एक नियम लक्षात ठेवावा. शेगडीची कडक काच जागेवर कापता येत नाही. ग्रॅनाइट कापता येतो, पण पुन्हा जोडता येत नाही. लाकूड कापताही येते आणि जोडताही येते. म्हणून तडजोड शक्यतो लाकडात करावी, दगडात नव्हे.

शेगडीसाठी ओट्यातील भोक कंपनीगणिक वेगळे असते. म्हणून भोक आधी मोजावे आणि त्यात बसणारी शेगडी गिऱ्हाइकाला सुचवावी. भोक थोडे मोठे असेल तर शेगडीची कड चारही बाजूंनी दगडावर टेकते का, हे तपासावे. टेकत नसेल तर स्टीलची चौकट लागेल. भोक वाढवावेच लागले तर प्रथम कोपऱ्यांवर गोल छिद्रे पाडून मग सरळ कापावे, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. पुढची-मागची पट्टी दोन इंचांहून बारीक होत असेल तर ते काम न घेतलेले बरे.

हवेची जागाही मापातच धरावी. जुन्या फ्रीजची उष्णता मागच्या जाळीतून बाहेर पडे. अनेक नव्या फ्रीजमध्ये ती नळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून बाजू गरम होतात. रुंदी जुळली म्हणून फ्रीज खणात घट्ट बसवला तर तो लवकर बिघडतो. किती जागा सोडायची ते कंपनीच्या पत्रकात छापलेले असते.

गॅसबाबत कसूर नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाल्यास तळाशी साचतो. म्हणून कपाटाला खालच्या बाजूस जाळी हवी. पाइपचा गॅस हलका असल्याने वर जातो. तेथे वरच्या बाजूस वाट हवी. दोन्हींचे जेट वेगळे असतात. ते बदलण्याचे व जोडणीचे काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

आता व्यवहार. बहुतेक तक्रारी माप तोंडी ठेवल्यामुळे होतात. एका कागदावर खणाची रुंदी, उंची व खोली प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून लिहावी. भिंती व कपाटे सरळ असतातच असे नाही. हिशेबात सर्वांत कमी माप धरावे. शेजारी नव्या उपकरणाची पत्रकातील मापे लिहावीत. दगड कापायचा असेल तर त्याची मजुरी वेगळी दाखवावी आणि फुटल्यास नुकसान कोणाचे, हे त्याच कागदावर ठरवून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. उपकरण विकणाऱ्या दुकानदारानेही हा कागद पाहिल्याशिवाय माल देऊ नये. परत येणाऱ्या मालात त्याचाही तोटा असतो. जे बसणार नाही ते स्पष्ट सांगावे. एक सौदा हातचा गेला तरी ते गिऱ्हाईक पुढच्या कामाला पुन्हा येते.